सांगणाऱ्याचं नाव

६ जानेवारी २०२५, सोमवार. अमरावती

एम.ए.च्या संशोधन प्रकल्पांची पहिली प्रकरणं आज हाती आली. मोर्शी, दर्यापूर, परतवाडा, चांदूर रेल्वे इथून रोज एसटीनं येणारी ही मुलं. काहीजण पहाटे शेतावर चक्कर मारून मगच गाडी पकडतात. सांगण्यासारखं त्यांच्याजवळ खूप आहे, आणि पहिल्या प्रकरणात त्यातलं काहीही नाही. तिथे मम्मट आहे, विश्वनाथ आहे, ॲरिस्टॉटल आहे. साहित्याच्या व्याख्या एकाखाली एक रचलेल्या. विषय वऱ्हाडच्या कादंबरीतल्या शेतकऱ्याचा असो की जात्यावरच्या ओव्यांचा, सुरुवात तीच.

मम्मटाच्या व्याख्येत एक अक्षर गळलेलं दिसलं. पुढचा प्रकल्प उघडला, तिथेही तेच अक्षर गळलेलं. त्यापुढच्यातही. म्हणजे मम्मट कोणीच उघडलेला नाही. सगळ्यांनी एकच गाईड उघडलं, किंवा एकानं उघडलं आणि बाकीच्यांनी त्याच्याकडून उतरवून घेतलं. तळटीप मात्र सगळ्यांनी 'काव्यप्रकाश' अशी दिली आहे.

जुन्या पोथ्यांचा अभ्यास करणारे लोक नेमकं हेच हेरतात. दोन पोथ्यांत एकाच जागी एकच चूक सापडली, की त्या दोन्ही एकाच प्रतीवरून उतरल्या असाव्यात असं ते धरतात. उद्या वर्गात हे दाखवायचं. रागवायचं नाही. जे पुस्तक उघडलं त्याचंच नाव लिहा, गाईड असेल तर गाईडचं लिहा, एवढंच सांगायचं. गाईडचं नाव लिहायला लाज वाटली, तर मूळ पुस्तकापर्यंत जायला ती लाज पुरेशी आहे.

८ जानेवारी, बुधवार

'धग'वर काम करणाऱ्या मुलानं पार्श्वभूमी म्हणून वऱ्हाडच्या कापसाचा इतिहास लिहिला आहे. उद्धव शेळक्यांच्या या कादंबरीवर (१९६०) लिहिताना त्या मातीचा इतिहास हवाच, हा त्याचा आग्रह मला आवडतो. आकडेही त्यानं भरपूर दिलेत. संदर्भात फक्त 'गॅझेटियर'.

"कोणतं गॅझेटियर?"

"मॅडम, अमरावतीचं."

अमरावतीचं गॅझेटियर एकच आहे का! १८७० मध्ये लायलनं सबंध वऱ्हाडाचं गॅझेटियर केलं, तेव्हा हा प्रांत 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' म्हणून ओळखला जायचा. मग १९११ चं अमरावती जिल्ह्याचं, फिट्झजेराल्ड आणि नेल्सन यांचं. त्यानंतर महाराष्ट्र शासनाचं १९६८ चं. आणि मधल्या काळात जिल्ह्याची हद्दच बदलली. १९०५ मध्ये एलिचपूर, म्हणजे आपलं अचलपूर, हा स्वतंत्र जिल्हा मोडून अमरावतीत घातला. तेव्हाच वाशीम अकोल्यात गेला, तो १९९८ मध्ये पुन्हा वेगळा झाला. त्यामुळे १८७० चा अमरावतीचा आकडा आणि १९११ चा अमरावतीचा आकडा हे एकाच जमिनीचे नाहीत. एकाशेजारी एक ठेवून 'पेरा वाढला' असं लिहिलं, तर जी वाढ दिसते तिच्यातली बरीचशी मेळघाट-अचलपूर जोडल्याची असू शकते.

हे कळल्यावर त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. वर्ष लिहायचं असतं ते परीक्षकाला खूश करायला, असंच आजवर त्याला वाटत आलं होतं. आता तो यादव माधव काळे यांचा 'वऱ्हाडचा इतिहास' (१९२४) शोधायला ग्रंथालयात गेला आहे. हद्द कुठे कशी सरकली ते त्याला स्वतः बघायचं आहे.

११ जानेवारी, शनिवार

आज वर्गात वादावादी झाली, आणि चांगली झाली.

परतवाड्याच्या मुलीच्या प्रकल्पात 'गाडगेबाबा म्हणतात' असं जागोजागी आहे. खाली काही नाही. मी विचारलं, कुठे म्हणतात?

ती म्हणाली, "मॅडम, हे तं सगळ्याइलेच माहीत हाय. याले कायचा संदर्भ द्याचा?"

प्रश्न रास्त आहे. सर्वज्ञात गोष्टीला संदर्भ लागत नाही, हे मीच शिकवते. बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ ला शेंडगावात झाला, २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात त्यांनी देह ठेवला. याला तळटीप नको; अमरावतीत कोणालाही विचारा. पण बाबांच्या तोंडी घातलेलं वाक्य ही वेगळी गोष्ट आहे. बाबांनी एक ओळही लिहून ठेवली नाही. ते कीर्तनात बोलत, लोकांना प्रश्न विचारत, लोक ओरडून उत्तर देत, आणि त्या देवाणघेवाणीतून ते कीर्तन घडे. म्हणून बाबांचं प्रत्येक वाक्य आपल्यापर्यंत कोणाच्या तरी कानांतून आलेलं आहे. तो कान कोणाचा हे सांगितलं पाहिजे. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी १९५२ मध्ये, बाबा हयात असताना, चरित्र लिहिलं. गो. नी. दांडेकर बाबांच्या सहवासात राहिले होते, मग त्यांनी लिहिलं. शिवाय नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्र्याला झालेल्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आहे, तिथे तर प्रत्यक्ष आवाजच ऐकू येतो. या तिन्ही जागा वेगळ्या, तिघांचं वजन वेगळं. भिंतीवर रंगवलेलं वाक्य आणि मोबाइलवर फिरणारं वाक्य यांतल्या कशालाही या तिघांशेजारी बसवता येत नाही.

मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "मग तुकडोजी महाराजाइचं?" त्यांचं सोपं आहे. 'ग्रामगीते'चे एक्केचाळीस अध्याय आहेत, ओव्यांना क्रमांक आहेत. अध्याय आणि ओवी लिहिली की मोझरीतला माणूस आणि मुंबईतला माणूस एकाच ओळीवर बोट ठेवतात. पानाचा क्रमांक आवृत्तीगणिक बदलेल, ओवीचा बदलत नाही.

एकाच जिल्ह्यातले दोन संत. एकानं लिहून ठेवलं, दुसऱ्यानं नाही. संदर्भ देण्याची सगळी अवघड जागा या दुसऱ्यापाशी आहे, आणि आमच्या विद्यापीठाला नाव त्यांचंच आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. वाण द्यायला शेजारच्या काकू आल्या, बराच वेळ बसल्या. काम झालं नाही.

१८ जानेवारी, शनिवार. अकोला

पीएच.डी.च्या नव्या संशोधकांसमोर बोलायला आले होते. कृषी शाखेचेही काही जण होते. त्यांचं जग वेगळं आहे. दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे त्यांना सहसा लागतच नाहीत. अमक्यानं अमक्या साली इतक्या अंतरावर कपाशी लावली आणि इतकं उत्पन्न आलं, एवढं आपल्या भाषेत सांगायचं आणि कंसात नाव-वर्ष द्यायचं. आम्हा भाषेच्या लोकांचं तसं चालत नाही. नायिका कौतिक काय बोलली हे 'धग'वर लिहिणाऱ्याला तिच्याच शब्दांत द्यावं लागतं. ते माझ्या पुस्तकी मराठीत सांगितलं की कौतिक तिथे उरतच नाही.

प्रश्न मात्र बहुतेक सगळे टक्क्यांचे आले. वाङ्मयचौर्याबाबतचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम त्यांना तोंडपाठ. साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. दहा ते चाळीस असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून पुन्हा द्यायचं. चाळीस ते साठ असेल तर वर्षभर प्रबंध सादर करता येत नाही. साठच्या वर गेलं की नोंदणीच रद्द. एकानं मला विचारलं, शब्द किती बदलले म्हणजे टक्का उतरतो? तो बनेलपणानं विचारत नव्हता. त्याच्या मनात संशोधनाचा अर्थच तसा बसला आहे.

त्याला मी जे सांगितलं ते इथे लिहून ठेवते, कारण तिथे बोलताना धाप लागली होती. नियमातच म्हटलं आहे की योग्य निर्देशासह उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे साम्यातून वगळायचे. म्हणजे अवतरणचिन्हांत घालून, नाव देऊन घेतलेल्या शब्दांना साम्य मोजणारं यंत्र चोरी म्हणत नाही. उलट दुसऱ्याचा विचार उचलून शब्द तेवढे फिरवले, 'महत्त्वाचा'च्या जागी 'मोलाचा' घातला, तर यंत्राला काही कळणार नाही. टक्का शून्य येईल आणि चोरी शंभर टक्के राहील. मराठीत तर यंत्राला अजूनच कमी कळतं, कारण आपली कितीतरी पुस्तकं संगणकावर आलेलीच नाहीत. टक्का उतरवण्याची धडपड करणारा माणूस आपल्या वाचकाकडे पाठ करून उभा असतो.

त्यानं वहीत लिहून घेतलं. पटलं की नाही, सांगता येत नाही.

संध्याकाळची गाडी मूर्तिजापूरला बराच वेळ थांबली. खिडकीबाहेर तुरीच्या शेंगा विकणाऱ्या बायका. बडनेऱ्याला उतरले तेव्हा अंधार पडला होता.

२२ जानेवारी, बुधवार

नोव्हेंबर १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत परिषद भरली होती. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न तेव्हा पेटला होता. त्यावर लिहिणाऱ्या मुलानं भाषणातला उतारा दिला आणि खाली 'बहिष्कृत भारत, १९२७' अशी टीप दिली. मी विचारलं, तू अंक पाहिलास? नाही, खैरमोड्यांनी लिहिलेल्या आंबेडकरांच्या चरित्रात उतारा होता.

मग तसं लिही: 'खैरमोडे यांच्या चरित्रात उद्धृत', आणि चरित्राचा खंड व पान. त्याला हे कमीपणाचं वाटलं. मधला माणूस दाखवला की आपण आळशी ठरतो, असं मुलांना वाटतं. मला मधला माणूस दिसलेला हवा असतो. खैरमोड्यांनी आयुष्य घालून ते चरित्र खंडाखंडांनी उभं केलं. त्यांच्या घागरीतलं पाणी प्यायचं आणि विहिरीचंच नाव सांगायचं, हे मला सहन होत नाही. आणि तुला विहिरीवरच जायचं असेल तर वाट मोकळी आहे: 'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक' महाराष्ट्र शासनानं १९९० मध्ये पुन्हा छापले आहेत. दोन्ही उतारे शेजारी ठेव. एखादा स्वल्पविराम जरी वेगळा निघाला तरी मला येऊन सांग.

२ फेब्रुवारी, रविवार. रिद्धपूर

मुलांना घेऊन आले. वर्गात कितीही बोललं तरी ही जागा पाहिल्याशिवाय ते बोलणं अंगाला लागत नाही.

महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांचा शिष्यपरिवार इथे त्यांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सान्निध्यात राहिला. त्यांच्यातले नागदेवाचार्य स्वामींच्या आठवणींत बुडालेले असत. म्हाइंभटांनी ते पाहिलं आणि ठरवलं की हे सगळं टिपून ठेवायचं. स्वामी कोणाशी, कुठे, कोणत्या निमित्तानं काय बोलले, हे त्यांनी त्या त्या माणसाला गाठून विचारलं आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेतलं. इथल्या वाजेश्वरी या स्थानी ते काम झालं असं परंपरा सांगते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात 'लीळाचरित्र' असं उभं राहिलं. मोर्शी तालुक्यातल्या या गावात आज मराठी भाषेचं विद्यापीठ आहे, ते याच कारणानं.

मुलांनी वाजेश्वरीपाशी बसून डबे उघडले. मी त्यांना पुढची गोष्ट सांगितली. मूळ पोथी परचक्राच्या धाडीत गेली. मग ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्याकडून पाठ पुन्हा उभे करण्यात आले. हिराइसा ही त्यांच्यातली एक, तिचा पाठ तिच्या नावानं ओळखला जातो. परशरामबासांचा पाठ वेगळा, रामेश्वरबासांचा वेगळा. जिथे आठवणी जुळल्या नाहीत तिथे त्या लोकांनी एक ठेवून दुसरी पुसली नाही. 'वासना' म्हणून दुसरी आठवणही नोंदवून ठेवली. गुरूच्या शब्दांबद्दल एवढी निष्ठा असताना, 'आमच्यात मतभेद आहे' हे लिहून ठेवायला केवढं धैर्य लागलं असेल!

दर्यापूरच्या मुलीनं विचारलं, "म्हणजे बाईच्या नावानं पाठ? त्या काळी?"

हो. स्वामींची शिष्या महदाइसा हिचे प्रश्न लीळाचरित्रात तिच्या नावानिशी आहेत. तिचे स्वतःचे धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, तेही इथेच, गोविंदप्रभूंच्या विवाहसोहळ्याच्या निमित्तानं रचले गेले. कोण बोललं, कोणी ऐकलं, कोणी आठवलं याची नोंद ठेवताना त्यांनी बाई-पुरुष पाहिलं नाही.

ती मुलगी परतताना गाडीत फारसं बोलली नाही. तिचा विषय ओव्यांचा आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

रिद्धपूरचं मनातून जात नाही, म्हणून आज तेच शिकवलं. केसोबासांचा 'दृष्टांतपाठ' फळ्यावर मांडला. आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टान्तिक. सूत्र आणि दृष्टांत चक्रधरांचे. दार्ष्टान्तिक, म्हणजे दृष्टांताचा अर्थ उलगडून सांगणारा भाग, केसोबासांचा. तिन्ही एकाच पानावर असूनही स्वामी कुठे थांबले आणि केसोबास कुठे बोलू लागले, हे वाचकाला कळतं. अवतरणचिन्हं नव्हती, टंक बदलायची सोय नव्हती, तरी त्यांनी ही रेघ आखली.

आमच्या प्रकल्पांत नेमकी हीच रेघ नाही. एक परिच्छेद सुरू होतो, तो कोणाचा ते कळत नाही. शेवटी एक कंस येतो. त्या कंसाची हद्द कुठपर्यंत? शेवटच्या वाक्यापुरती की सगळ्या परिच्छेदाची? मुलांना सांगितलं: उतारा घ्यायच्या आधी तो कोण बोलतोय ते सांगा, आणि उतारा संपल्यावर तुम्ही बोला. उताऱ्याखाली तुमचं एकही वाक्य नसेल तर तो उतारा तिथे कशाला आला? मधले शब्द गाळले तर तीन टिंबं द्या; तुमचा शब्द घातला तर चौकोनी कंसात घाला. वऱ्हाडी बोली 'सुधारू' नका. 'मले' असेल तर 'मले'च.

आवृत्तीचंही बोलले. 'लीळाचरित्र' हरि नारायण नेन्यांनी छापलं, शं. गो. तुळपुळ्यांनी संपादलं, वि. भि. कोलत्यांचं संपादन १९७८ मध्ये राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं काढलं. लीळांचे क्रमांक सगळीकडे सारखे नाहीत. संपादकाचं नाव न लिहिता नुसता लीळेचा क्रमांक दिला तर वाचक भलत्याच लीळेवर जाऊन उभा राहतो. कोलते बुलढाणा जिल्ह्यातले, अमरावतीच्या महाविद्यालयात शिकवून गेलेले. एकेका शब्दासाठी पोथ्या ताडून पाहणारा माणूस या गावात वावरून गेला, हे मुलांना माहीत नव्हतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

एका संदर्भसूचीत असा ग्रंथ निघाला जो मी कधी ऐकलेला नाही. लेखकाचं नाव, प्रकाशन, वर्ष, पान, सगळं नीटनेटकं. ग्रंथालयात नाही, दुसऱ्या ग्रंथालयात नाही, प्रकाशनाच्या यादीत नाही. विचारल्यावर मुलानं सरळ सांगितलं, एआयला विचारलं होतं, त्यानं दिला.

त्याचा खरेपणा आवडला. पण आज मला खरी भीती वाटली. गाईडवरून उतरवणारा निदान अस्तित्वात असलेल्या पुस्तकावरून उतरवतो. इथे सांगणाराच कोणी नाही. उद्या हा प्रकल्प कोणी वाचील, त्या ग्रंथाचं नाव आपल्या सूचीत घेईल, आणि कधीही न लिहिलेलं पुस्तक वऱ्हाडच्या संशोधनात कायमचं राहायला येईल. पुढच्यांनी ते शोधत किती दिवस घालवायचे!

नियम केला: सूचीतलं प्रत्येक पुस्तक हातात घेतलेलं किंवा डोळ्यांनी पाहिलेलं पाहिजे, आणि कुठल्या ग्रंथालयात पाहिलं ते मला तोंडी सांगता आलं पाहिजे. सूच्या लहान होतील. होऊ देत.

२३ फेब्रुवारी, रविवार

बाबांची जयंती. सकाळपासून मोबाइलवर त्यांच्या नावानं वाक्यंच वाक्यं. परतवाड्याच्या मुलीनंही एक पाठवलं आणि खाली लिहिलं, "मॅडम, हे कोठीच सापडलं नाही. मी प्रकल्पातून काढून टाकलं." तिनं आता वांद्र्याचं कीर्तन ऐकून त्यातला भाग स्वतः उतरवून घेतला आहे, लोकांच्या उत्तरांसकट. जिथे आवाज लागत नाही तिथे 'अस्पष्ट' असं लिहिलंय. हे मी तिला सांगितलं नव्हतं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

ओव्यांवर काम करणारी दर्यापूरची मुलगी आज वही घेऊन आली. ओव्या तिच्या आजीच्या आहेत, पण मसुद्यात तिनं 'लोकपरंपरेतून' असं लिहिलं होतं. आजीचं नाव शोधनिबंधात कसं घालायचं, ते काय पुस्तक आहे का, असं तिला वाटत होतं. रिद्धपूरहून आल्यावर तिनं स्वतःच ते खोडलं आणि आजीचं नाव, वय, गाव, ऐकल्याची तारीख असं सगळं लिहिलं. मी म्हटलं, छापण्याआधी आजीला विचार. तिची संमती हवी. आणि नाव नको म्हणाली तर नको.

ती काल विचारून आली. आजीनं नाव द्यायला होकार दिला. पण वही वाचून दाखवल्यावर एका ओवीपाशी थांबवलं.

"हे माही नाही वं. हे मले अंजनगावच्या जाऊनं सांगतली होती. तिचं नाव लिव."

जाऊ कधीच वारली. आजीला तिचं माहेर आठवतं, लग्नाचं साल आठवत नाही. त्या ओवीचं दुसरं चरण जाऊ निराळं म्हणायची, असंही आजीनं सांगितलं, आणि ते म्हणून दाखवलं. मुलगी विचारत होती, आता दोन्हीतलं कोणतं घ्यायचं?

दोन्ही घे. वर आजीचं, खाली टिपेत जावेचं, आणि आजीला ते कसं आठवलं तेही लिही.

जावेची लेक अंजनगावातच नांदते. रविवारी ती तिथे जाणार आहे. एसटीचं वेळापत्रक माझ्याकडून घेऊन गेली.